किल्टखालचा प्रश्न

स्कॉटलंडमध्ये किल्ट घालून लग्नाला, पदवीदान समारंभाला किंवा फुटबॉलच्या सामन्याला निघालेल्या पुरुषाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : आत काय घातलंय? विचारणारा बहुधा पर्यटक असतो; दोन पेले पोटात गेले की घरचा पाहुणाही विचारतो. ठरलेला विनोद होतो, सगळे हसतात आणि विषय संपतो. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र या प्रश्नाला एक वैद्यकीय शेपूट फुटले आहे. ‘किल्ट घातला की शुक्राणू वाढतात’ ही बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांतून फिरली, अजूनही मोबाइलवरून फिरते, आणि ज्याने जन्मात किल्ट पाहिलेला नाही असा तरुणही ती वाचून सैल पायजमा विकत घेतो. पायजम्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती पायजमा आणल्यावर लांबणीवर पडणाऱ्या तपासणीबद्दल.

किल्ट ही वस्तू आहे तरी काय, ते आधी पाहू. पूर्ण मापाच्या किल्टला लोकरीचे आठ वार कापड लागते, म्हणजे आपल्या नऊवारीला एकच वार कमी. पुढचा भाग सपाट, एकावर एक दोन पदर. मागे मात्र दाट चुण्या, आणि बहुतेक कापड या चुण्यांतच जाते. वजन दोन किलोंच्या आसपास भरते. तो साधारण बेंबीच्या पातळीवर चामड्याच्या पट्ट्यांनी आणि बकलांनी बांधतात, खालची कड गुडघ्याच्या मध्यावर येते. खिसे नसतात, म्हणून समोर एक कातडी बटवा लटकतो, त्याला स्पोरन म्हणतात. पायात गुडघ्यापर्यंत जाड लोकरी मोजे. हा सगळा सरंजाम पाहिल्यावर ‘मोकळेढाकळे हवेशीर वस्त्र’ हे वर्णन कितपत लागू पडते, याचा विचार वाचकांनीच करावा. पावसात, वाऱ्यात आणि थंडीत डोंगर तुडवणाऱ्यांचा हा पोशाख आहे.

त्याचे आजचे रूपही सोयीतून आले. हायलँड्स या डोंगराळ भागातले जुने वस्त्र म्हणजे एक लांबलचक पासोडी. ती चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायची, उरलेला भाग खांद्यावर टाकायचा, रात्री तीच पांघरायची. १७२० च्या दशकात थॉमस रॉलिन्सन नावाचा इंग्रज कारखानदार तिथे लोखंडाची भट्टी चालवत होता. भट्टीपाशी काम करताना पासोडीचा वरचा घोळ अडचणीचा होतो हे पाहून त्याने तो काढून टाकायला लावला आणि फक्त कमरेखालचा भाग ठेवला, असे सांगतात. यावर इतिहासकारांत वाद आहेत, आणि आपला राष्ट्रीय वेश एका इंग्रजाने बेतला हे स्कॉटिश मनाला रुचणेही अवघडच. पण कामाच्या गरजेने कपड्याला कात्री लागली, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती लागणार आहे. १७४५ चा उठाव मोडून काढल्यावर लंडनच्या संसदेने १७४६ मध्ये कायदा करून सामान्य पुरुषांना हा वेश बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. सूट फक्त सैन्यातल्या हायलँडरांना. १७८२ मध्ये बंदी उठली, आणि १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा वॉल्टर स्कॉटने आखलेल्या समारंभात राजा स्वतःच किल्ट घालून मिरवला. ज्या वेशापायी तुरुंगात जावे लागे, तो चाळीस वर्षांत दरबारी झाला.

आता शरीराकडे वळू. पुरुषाची वृषणे पोटाबाहेर असतात याला कारण आहे. शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते आणि निसर्गाने त्याची चोख व्यवस्था केली आहे. वृषणकोशाच्या कातडीखाली चरबीचा थर नाही. घामाच्या ग्रंथी भरपूर आहेत. थंडीत स्नायू आकसून वृषणे वर ओढतात, उन्हाळ्यात सैल सोडतात. शिवाय खाली जाणाऱ्या धमनीभोवती शिरांचे जाळे असते, त्यातले वर परतणारे थंड रक्त धमनीतल्या गरम रक्ताला वाटेतच निववते. ही यंत्रणा बिघडवणाऱ्या गोष्टी माहीत आहेत : भट्टीपाशी किंवा बेकरीत तासन्‌तास काम, रोजचा गरम पाण्याचा टब, मोठा ताप. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणून टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिने शुक्राणूंची संख्या घसरलेली दिसू शकते, आणि त्याच कारणाने कपड्यातल्या कोणत्याही बदलाचा गुण आठवड्या-दोन आठवड्यांत दिसणे शक्य नाही. ‘पंधरा दिवस सैल घालतोय, फरक पडला का?’ या प्रश्नाला उत्तर नाही.

तापमानाच्या या तर्काला धरूनच रॉटरडॅममधले संशोधक एर्विन कोम्पान्ये यांनी २०१३ मध्ये स्कॉटिश मेडिकल जर्नलमध्ये किल्ट आणि प्रजननक्षमतेवर लेख लिहिला. खऱ्या पुरुषांनी किल्ट घालावा अशा अर्थाचे मिश्कील शीर्षक, आणि त्याच शीर्षकाच्या शेवटी, यात तथ्य किती, असा प्रश्न. लेखकाने आधीची संशोधने गोळा करून मांडणी केली : तंग कपड्यांनी तापमान वाढते, वाढलेले तापमान शुक्राणूंना मानवत नाही, म्हणून आत काही न घालता किल्ट वापरला तर फायदा व्हावा. किल्ट घातल्यावर पुरुषाला वाटणाऱ्या रुबाबाचाही विचार त्यात होता. पण हा आढावा होता, प्रयोग नव्हता. किल्ट घालणाऱ्यांचा एक गट, पँट घालणाऱ्यांचा दुसरा आणि दोघांची वीर्यतपासणी असे काही त्यात झालेले नव्हते. लेखकाने प्रश्नचिन्ह ठेवले होते, बातम्यांनी ते खोडले.

मग कपड्यांवर प्रत्यक्ष मोजमाप झालेच नाही का? झाले आहे, पण ते अंतर्वस्त्रांवर. बॉस्टनमधल्या वंध्यत्व केंद्रात आलेल्या ६५६ पुरुषांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सैल बॉक्सर घालणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचे प्रमाण इतरांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाले. वृषणांना जास्त काम करायला लावणारे मेंदूकडचे एफएसएच हे संप्रेरक त्यांच्यात १४ टक्क्यांनी कमी होते. अभ्यास काळजीपूर्वक केलेला आहे. मात्र तंग चड्डी घालणाऱ्यांपैकीही बहुतेकांचे आकडे सर्वसाधारण मर्यादेत होते. म्हणजे फरक सापडला, पण त्या फरकाने कोणाचा पाळणा हलला किंवा अडला हे त्यातून सिद्ध होत नाही. याउलट १९९८ मध्ये ९७ पुरुषांच्या वृषणकोशाचे तापमान मोजले तेव्हा सैल आणि तंग अंतर्वस्त्रांत काहीच फरक दिसला नव्हता, दोन्हींकडे ३३ अंशांच्या वर आणि ३४ च्या आत. २००५ चा एक छोटा प्रयोग त्याहून बोलका आहे. तासभर मांडीवर चालू लॅपटॉप घेऊन बसलेल्या २९ तरुणांत हे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. पण लॅपटॉप नसताना नुसते गुडघे जुळवून बसल्यानेही ते दोन अंशांच्या वर गेले होते! कापडापेक्षा बैठक भारी ठरली.

आणि किल्ट घालून बसण्याची रीत काय? मागच्या चुण्या हाताने सारख्या करायच्या, गुडघे जुळवायचे, स्पोरन मांड्यांच्या मधे येऊ द्यायचा म्हणजे मर्यादा राखली जाते. खाली लोकरीच्या चुण्यांची गादी, वर बटव्याचा भार. लग्नाच्या जेवणात तीन तास असे बसलेल्या पाहुण्याच्या शुक्राणूंना किल्टचा काय लाभ होत असेल, ते सांगणे कठीण आहे. तो उठून नाचू लागला किंवा पायी घरी निघाला, तर गोष्ट वेगळी.

हा सगळा शास्त्रार्थ करमणुकीपुरता ठेवता आला असता. पण मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो, तरीही आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत तपासण्यांची जाडजूड फाइल घेऊन येते ती बाई. तिची सोनोग्राफी झालेली असते, नळ्यांचा एक्स-रे झालेला असतो, थायरॉइड दोनदा झालेले असते, आणि देवस्थाने किती झाली ते तिने मोजलेलेही नसते. नवऱ्याची वीर्यतपासणी? ‘ते सैल कपडे वापरतात आता,’ असे उत्तर मिळते, किंवा सासू परस्पर सांगते की आमच्या मुलात काही दोष नाही. वाचलेल्या बातमीचा असा उपयोग होतो. उपाय चालू आहे असे वाटते आणि भांड्यात नमुना देण्याची लाज वाचते. बाईचे वय मात्र थांबत नाही. तिशीच्या मध्यानंतरचे प्रत्येक वर्ष महाग असते.

वीर्यतपासणी ही सगळ्या फाइलीतली सर्वांत स्वस्त आणि बिनदुखण्याची चाचणी. दोन ते सात दिवसांचा संयम पाळायचा, नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायचा, दोष दिसला तर काही आठवड्यांनी पुन्हा करायची. तिच्यातून बाहेर येणारी कारणे सैल चड्डीने जाणारी नसतात. वृषणाच्या फुगलेल्या शिरा असतात, लहानपणी खाली न उतरलेले वृषण असते, गालगुंडानंतर आलेली सूज असते, क्षयरोगाने बंद झालेल्या नळ्या असतात. अलीकडे व्यायामशाळेतली इंजेक्शनेही सापडू लागली आहेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की मेंदू वृषणांना कामाचा निरोप पाठवणे थांबवतो आणि पिळदार दंडाच्या तरुणाच्या वीर्यात शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. हे इंजेक्शन चालू असताना वरून किल्ट घाला की धोतर. तंबाखूचेही तेच, पुडी खिशात ठेवून वस्त्र बदलण्यात अर्थ नाही.

याचा अर्थ किल्टमध्ये आरोग्याच्या दृष्टीने काहीच नाही असा नाही. उलट जे आहे त्याकडे कोणी पाहत नाही. पहिली गोष्ट कंबर. किल्ट दोरीने आवळत नाहीत. रुंद पट्ट्यावर भार पसरतो. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करणारे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये भारतीय चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर जो निबंध लिहिला, त्यात धोतराच्या कर्करोगाची नोंद आहे. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने कातडी काळवंडते, जाड होते, फुटते, जखम भरत नाही आणि क्वचित तिथे कर्करोग होतो. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीखाली असाच रोग झालेल्या दोन वयस्क स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. हा आजार दुर्मीळ आहे, घाबरून जायचे कारण नाही. पण कमरेवरचा काळा, खाजरा पट्टा दुर्मीळ नाही, आणि नाडीऐवजी रुंद पट्टी हा त्यावरचा उपाय फुकटचा आहे. तंग पट्ट्याने आणि तंग जीन्सनेही कमरेच्या बाजूची एक नस दबते आणि मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, जळजळते. पाठीचा एमआरआय करून आलेल्या माणसाला कधीकधी नुसता पट्टा दोन भोके सैल करायला सांगावे लागते.

दुसरी गोष्ट जांघ. दोन मांड्यांमध्ये शिवण नसली आणि वारा खेळता राहिला की घाम सुकतो, आणि ओल नसली तर बुरशीला रुजायला कठीण जाते. भारतात गेल्या दशकभरात नायट्याने जे थैमान घातले आहे ते त्वचारोगाच्या कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात जाऊन पाहावे. जांघेतून सुरू होऊन कंबर, पोट, पाठ व्यापणारी वर्तुळे, घरातल्या चारही माणसांना, महिनोन्‌महिने. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे आपल्या देशाची आठवण देणारे नाव मिळाले आणि नेहमीच्या गोळीला ती पुष्कळदा दाद देत नाही. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमे हा यातला मोठा गुन्हेगार. पण घामट, न वाळलेली, सकाळी आठ ते रात्री आठ अंगावर असलेली जीन्स त्याला साथ देते. इथे सैल, सुती, उन्हात वाळवलेल्या कपड्याचा सल्ला बातमीवर नव्हे, रोजच्या अनुभवावर उभा आहे.

मात्र हवा खेळती असण्याची किंमतही मोजावी लागते. पहिल्या महायुद्धात हायलँड पलटणी किल्ट घालूनच खंदकांत उतरल्या. चिखलाने भरलेल्या चुण्या गोठल्या की गुडघ्यामागची कातडी कापली जाई. लोकरीच्या दाट चुण्या म्हणजे उवांना आयते घर, आणि सैनिकांना हैराण करणारा ‘खंदक ताप’ उवांमुळेच पसरतो हे १९१८ मध्ये सिद्ध झाले. मस्टर्ड वायू ओलसर कातडीला सर्वांत आधी जाळतो, त्यामुळे उघडी जांघ म्हणजे संकटच. रणांगणावरून किल्ट गेला तो १९४० मध्ये. आजच्या हायलँड्समध्ये धोका गोचिडांचा. नेचे आणि उंच गवतातून उघड्या गुडघ्यांनी चालणाऱ्याला लाइम रोग होऊ शकतो, म्हणून रानवाटेला किल्टवाल्यानेही पाय झाकावेत. दोडामार्गच्या काजूबागांत माकडतापाने ज्यांची माणसे नेली, त्यांना गोचीड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही.

आत काय, या प्रश्नाचे आरोग्यापुरते उत्तर सोपे आहे. सुती, सैल, रोज धुतलेले काहीतरी असावे. लोकरीचा किल्ट रोज धुता येत नाही, आणि लग्नासाठी घातलेला किल्ट अनेकदा भाड्याचा असतो. आदल्या शनिवारी तो दुसऱ्याच कोणी घातलेला असतो. कापडात बुरशीचे बीज टिकते. स्कॉटलंडमधल्या टार्टनविषयक संस्थेच्या संचालकांनीच २०१० मध्ये आत काही न घालण्याच्या प्रथेला पोरकट आणि अस्वच्छ ठरवले, तेव्हा पुष्कळांना राग आला होता. राग येण्यासारखे त्यात काही नव्हते.

प्रश्नाची दुसरी बाजू मात्र हसण्यावारी नेली जाते. किल्ट घातलेल्या पुरुषाचा किल्ट वर उचलून पाहणे हा काहींना विनोद वाटतो. २०१७ मध्ये इन्व्हर्नेसमधल्या एका बारने वाढप्यांचा किल्ट बंद केला, कारण गिऱ्हाईक बायका हात घालत होत्या. हेच पुरुषांनी वेट्रेसबरोबर केले असते तर पोलीस आले असते. अंगाला हात लावण्याची परवानगी कपड्यातून मिळत नाही, मग तो किल्ट असो की स्कर्ट, आणि पुरुषाने ते हसून सोडावे ही अपेक्षाही अनारोग्याचीच.

रोजच्या वापराचा खरा झगडा चालतो तो नोकरीच्या ठिकाणी. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका पोस्टमनने दिवसभर चालण्याच्या कामाला पँटपेक्षा किल्ट सुखाचा, म्हणून गणवेशात तो पर्याय असावा, असा ठराव २००८ मध्ये पोस्टमनांच्या संघटनेच्या अधिवेशनात आणला. तो प्रचंड बहुमताने फेटाळला गेला. चालणारे तेच, मांड्या घासून सोलवटणारेही तेच, आणि विरोधात मतेही त्यांचीच. फ्रान्समधल्या नाँत शहरात जून २०१७ च्या उष्णतेच्या लाटेत बसचालकांनी वेगळा मार्ग काढला. पुरुषांना गणवेशात अर्धी चड्डी चालत नव्हती, बायकांना स्कर्ट चालत होता. मग पुरुषच स्कर्ट घालून गाडीवर बसले. भट्टीपाशी पासोडी कापणाऱ्या रॉलिन्सनला ते लगेच पटले असते.

आपल्याकडे धोतर आणि लुंगी होतीच, उकाड्यासाठी किल्टपेक्षा कितीतरी सरस. त्यांना आपण उंबऱ्याच्या आत ढकलले. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना एटीएमच्या दारात उभा असलेला सुरक्षारक्षक जाड पॉलिएस्टरची पँट, वर पट्टा, आत खोचलेला शर्ट आणि बूट घालून बारा तास काढतो. त्याला उष्माघात झाला तर सलाइन लागते, नायटा झाला तर मलम मिळते. पँट तीच राहते. त्याच्या कंत्राटात कापड सुती असावे, पट्टा ऐच्छिक असावा, एप्रिल ते जून शर्ट बाहेर सोडायला मुभा असावी, एवढ्या तीन ओळी घालायला कोणत्याही संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.